करीच्या दिवसाचं औत

खुनाच्या खटल्यात वकिलाचा सर्वांत जास्त वेळ जातो तो बाकावर बसण्यात. आरोपी हजर असतो तेव्हा साक्षीदार आलेला नसतो. साक्षीदार येतो त्या दिवशी मुद्देमाल आलेला नसतो. दोन्ही येतात तेव्हा न्यायाधीश रजेवर असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोर्टात सगळं बोलण्यावर चालतं. परभणीच्या सत्र न्यायालयात इतकी वर्षं काढल्यावर मी एवढंच सांगू शकते की तिथे बहुतेक काम थांबण्याचं असतं. बोलायची पाळी येते ती फार थोडा वेळ, आणि आपण तयार असू तेव्हाच येईल असं नाही.

वकिलीत येण्याआधी मी सहा वर्षं एका दैनिकाच्या परभणी कार्यालयात होते. पिंगळी या माझ्या गावाहून सकाळच्या गाडीने यायचं, तालुक्यांच्या बातमीदारांचे फोन घ्यायचे, बातम्या लिहायच्या, संध्याकाळच्या गाडीने परत. तिथे दोन सवयी लागल्या. कळलेली गोष्ट दुसऱ्या माणसाकडून पक्की केल्याशिवाय लिहायची नाही, ही पहिली. मजकूर छापायला जाण्याआधी तो कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा, ही दुसरी. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही. ऐकणाऱ्याला ती लगेच खटकते. पुढे मी कायद्याची पदवी घेतली, सनद मिळवली आणि जिल्ह्यात फौजदारी कामासाठी नाव असलेल्या एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून रुजू झाले. बार रूममध्ये सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी सर म्हणत असे.

ज्युनिअर म्हणजे काय, हे सांगायला हवं. ज्युनिअर सरांच्या फायली उचलतो, पुकारा होईपर्यंत दारात उभा राहतो, पुढची तारीख लिहून घेतो आणि पक्षकाराला ती तीन वेळा सांगतो. पक्षकार म्हणजे आपल्याकडे काम घेऊन आलेला माणूस. जिंतूरहून आलेल्या एका पक्षकाराने पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "बाई, खरं सांगू का केसला लागंल ते सांगू?" मी खरं सांगा म्हटलं. तो जरा नाराज झाला. "मंग साहेब आल्यावरच बोलतो," म्हणाला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

माझ्या वाट्याला आलेला पहिला खुनाचा खटला जिंतूर तालुक्यातल्या, चारठाण्याच्या पलीकडच्या एका गावचा होता. गावाचं आणि पोलीस ठाण्याचं नाव इथे देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

घटना अशी. दत्तराव नावाचे पन्नाशीचे शेतकरी सकाळी एकटे शेताकडे गेले. दुपारी त्यांचा मुलगा त्यांना बघायला गेला तेव्हा ते बांधावर मरून पडलेले होते. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव होता. शेजारच्या शेताचा मालक मारोती, वय चोवीस. त्याचं आणि दत्तरावांचं बांधावरून भांडण होतं, आणि आठच दिवसांपूर्वी पारावर "एकदा बघूनच घेतो" असं तो म्हणाल्याचं चार जणांनी ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी मारोतीला अटक झाली. त्याच्या घरातून कुऱ्हाड जप्त झाली. तिच्यावर रक्त मिळालं नाही. जप्तीच्या पंचांनी कोर्टात येऊन सांगितलं की सह्या ठाण्यात बसून केल्या. म्हणजे सरकार पक्षाकडे उरला एकच माणूस, प्रत्यक्षदर्शी लिंबाजी. त्याचं शेत या दोन्ही शेतांना लागून होतं. "मी माझ्या शेतात औत हाकत असताना आरडाओरड ऐकून पाहिले असता मारोती हा दत्तराव यांच्या डोक्यात कुऱ्हाडीने वार करताना दिसला," असा त्याचा पोलिसांपुढचा जबाब होता.

मारोतीचं म्हणणं होतं की तो त्या वेळी बैल घेऊन गावाच्या दुसऱ्या अंगाला माळावर चारत होता. साक्षीला कुणी नव्हतं. लिंबाजीवर कोर्टाचा विश्वास बसला तर जन्मठेप होती. मारोती अडीच वर्षांपासून परभणीच्या तुरुंगात होता आणि त्याच्या घरात आई, गयाबाई, ही एकटीच उरली होती.

लिंबाजीची साक्ष ठरली त्याच्या आदल्या दिवशी गयाबाई ऑफिसात आल्या. सर कोर्टात होते. मी जबाबाची प्रत घेऊन बसले होते. पोलिसांनी दिलेली झेरॉक्स इतकी पुसट होती की मी ती हाताने पुन्हा उतरवून काढली होती. उतरवताना चुकलं आहे का हे बघायला मी ती जुन्या सवयीने मोठ्याने वाचायला लागले. समोर ऐकायला गयाबाई होत्या. दिशा, शेतांची नावं, बांध कुठून कुठे जातो, सगळ्याला त्या मान हलवत होत्या. "औत हाकत असताना" या शब्दांशी त्यांनी हात वर केला.

"काय करत हुता म्हणतोय?"

"औत हाकत होता. कोळपं." कोळपं म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत.

"त्या दिशी?"

"हो. घटनेच्या दिवशी."

गयाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू लिहिणारी मीच होते. "बाई, त्या दिशी कर हुती. पोळ्याची कर. करीला कोण औत धरतंय?"

मी विचारलं, कुणीच नाही?

"आमच्याकडं न्हाई. पोळ्याच्या आदल्या सांजंला खांदे मळले की बैलाच्या मानंवर जू चढत न्हाई. पोळा गेला, कर गेली की मंग तिसऱ्या दिशी काम. माझा मारोती बैल चारायला माळावर गेला हुता ते उगं न्हाई. कामच नव्हतं."

"हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं नाही?"

"कर हुती हे तर सगळ्यांना सांगायलेय मी. पयल्या दिवसापून सांगायलेय. लिंबाजी औत हाकत हुता असं लिवलंय, हे मला आज कळायलंय. मला कुणी वाचून दावलं का?"

कुणी दाखवलं नव्हतं. आमच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात "पोळ्याचा दुसरा दिवस" असं लिहिलेलं होतं आणि चौदाव्या पानावर लिंबाजीचं औत होतं. मधली बारा पानं मी आणि सरांनी कित्येकदा उलटली होती. चूक का झाली हेही मला कळत होतं. जबाब लिहिणाऱ्याकडे ठरीव वाक्यं असतात. साक्षीदार शेतात का होता, याला उत्तर म्हणून "औत हाकत असताना" हे वाक्य लेखणीतून आपोआप उतरतं. आमच्या दैनिकाच्या कार्यालयात "परिसरात हळहळ व्यक्त होत आहे" हे असंच उतरायचं. हळहळ कुणी मोजायला जात नसे.

मी दुसरा माणूस शोधला. कोर्टात जिंतूर तालुक्यातले एक जुने बेलीफ होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "करीला औत? आमच्या पट्ट्यात तर कुणी बैलाच्या अंगावर दोरी टाकत न्हाई मॅडम." दोन माणसं झाली. डोळ्यांनी पाहायला वेळ नव्हता आणि पोळाही जवळ नव्हता.

संध्याकाळी सरांना सांगितलं. त्यांना बोलता येत नव्हतं. दोन दिवसांपासून घसा बसला होता आणि त्या दिवशी आवाज पूर्ण गेला. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, "उद्या उलटतपासणी तू घे." मी तारीख मागून घेऊ म्हटलं. त्यांनी लिहिलं, "लिंबाजी इतक्या दिवसांनी आलाय. परत गावी जाऊ दिला तर कुणीतरी त्याला पोळ्याची आठवण करून देईल." त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. "पोळा हा शब्द तू काढायचा नाही. त्याला काढू दे."

उलटतपासणी म्हणजे समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला आपण विचारलेले प्रश्न. सिनेमात त्यात ओरडतात. प्रत्यक्षात साक्षीदाराला निसटायला जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या एकेक करून आधी बंद करायच्या असतात, आणि तेही त्याच्या नकळत. लिंबाजीला तीन वाटा होत्या. औत नव्हतं, नुसताच गेलो होतो, असं तो म्हणू शकत होता. ट्रॅक्टर होता म्हणू शकत होता. त्या वर्षी रीत मोडली म्हणू शकत होता. पहिल्या दोन माझ्या लक्षात आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुकारा झाला. सर माझ्या शेजारी बसले, पुढ्यात कोऱ्या चिठ्ठ्या. मागच्या बाकांवर गावातली दहाबारा माणसं होती, निम्मी दत्तरावांकडची. न्यायाधीश कोकणातले, परभणीत बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. लिंबाजी पंचावन्नचा, धोतर, टोपी, पिंजऱ्यात ताठ उभा. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना त्याने जबाबाप्रमाणे उत्तरं दिली. एकही शब्द चुकला नाही.

मी उभी राहिले. त्या दिवशी शेतात काय काम चाललं होतं, असं विचारलं.

"कपाशीत कोळपं हाकत हुतो."

"कशानं?"

"बैलानं. आनिक कशानं?"

"बैल कुणाचे?"

"घरचे. हरण्या आन् खैऱ्या."

"तोंडाला मुसकी होती का?"

तो न्यायाधीशांकडे बघून हसला. "साहेब, मुसकी न्हाई बांधली तर बैल कपाशी ठिवतील का? बाईंनी कोळपं बघितलं नसंल."

मागे हशा झाला. मीही हसले. किती ओळी झाल्या होत्या, असं विचारलं. सकाळपासून वीसेक, म्हणाला. जू मोडलं, औत सोडून दुसरं काही केलं, असं काही? काही नाही, आरडाओरड होईपर्यंत औत चालू होतं. त्याचं प्रत्येक उत्तर टंकलेखकाने उतरवून घेतलं. दोन वाटा बंद झाल्या.

मग मी म्हटलं, "माझं म्हणणं असं आहे की तुम्ही स्वतः शेती करत नाही. बैल नावापुरते आहेत. औत गडी धरतात."

असा प्रश्न कधी वाया जात नाही. लिंबाजीचा चेहरा बदलला.

"मी शेती करत न्हाई? बाई, गावात येऊन इचारा. पोळ्याला तोरणाखालून पयली जोडी कुणाची जाती ते इचारा. आमच्या बापाच्या वक्तापून मान हाय आमचा."

शब्द त्याने काढला होता. सरांची पेन्सिल थांबली.

"मान घराण्याचा असेल," मी म्हटलं. "बैलांचं तुम्हीच करता कशावरून?"

"खांदेमळणी मी माझ्या हातानं करतो. गड्याला हात लावू देत न्हाई."

सरकारी वकील उठले. या प्रश्नांचा खटल्याशी संबंध नाही, अशी हरकत त्यांनी घेतली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग लिंबाजीकडे. "खांदेमळणी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. हरकत तिथेच राहिली.

लिंबाजीने त्यांना समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे तुपाहळदीने मळायचे. वर्षभर जू ओढून खांदे दुखतात ना, म्हणून. त्याला जेवायचं आवतण द्यायचं. पोळ्याला पुरणपोळी.

"आणि मग काम कधी?" मी विचारलं. "दुसऱ्याच दिवशी जू चढवत असाल."

"ह्याट. करीला? करीला बैल तर लांबच, माणूस बी कामाला रानात जात न्हाई. आमच्या घरात करीला कधी जू..."

तो थांबला. वाक्य तिथेच राहिलं. न्यायाधीश वाट बघत होते. टंकलेखकाची बोटं वर होती.

"वाक्य पुरं करा," न्यायाधीश म्हणाले.

"...चढलं न्हाई," लिंबाजी म्हणाला.

मी त्या वर्षाचं कॅलेंडर न्यायाधीशांपुढे ठेवलं. पिठोरी अमावस्येच्या, म्हणजे पोळ्याच्या, चौकटीशेजारची तारीख त्यांनी बोटाने शोधली आणि आरोपपत्रावरच्या तारखेशी लावून पाहिली. त्यांनी ते दोनदा केलं.

आता माझ्या ओठांवर प्रश्न होता, म्हणजे तुम्ही तिथे नव्हताच ना? तो विचारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात कोटाची बाही ओढली गेली. टेबलावर चिठ्ठी होती. "एकही प्रश्न नको." मी बसले. त्या वेळी मला ते कळलं नाही. तो प्रश्न विचारला असता तर लिंबाजीला खुलासा करायची संधी मीच दिली असती.

पण ती संधी त्याला मिळालीच. तिसरी वाट मी बंद केली नव्हती, आणि सरकारी वकील कच्चे नव्हते. ते फेरतपासणीला उठले. फेरतपासणी म्हणजे उलटतपासणीत बिघडलेलं सावरण्यासाठी त्यांना मिळणारी पाळी.

"लिंबाजी," ते सावकाश म्हणाले, "पाऊस उघडला, तण वाढलं, काम अडलं, असं असेल तर माणूस एखाद्या वर्षी करीलाही औत धरतो. त्या वर्षी काय झालं होतं?"

उत्तर प्रश्नातच दिलं होतं. "त्या वर्षी धरलं हुतं साहेब," एवढं म्हटलं की खटला पुन्हा उभा राहिला असता. मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं नाही. सरांनी पेन्सिल खाली ठेवली होती. माझ्या चुकीला आता चिठ्ठी नव्हती.

लिंबाजीने सरकारी वकिलांकडे पाहिलं. मग मान वळवून मागच्या बाकांकडे पाहिलं. तिथे त्याचं गाव बसलं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने काठीवर हनुवटी टेकली होती आणि तो लिंबाजीकडे एकटक बघत होता. दत्तरावांकडचाच माणूस होता तो.

"न्हाई साहेब," लिंबाजी म्हणाला. "त्या वर्षी बी न्हाई. आमच्या घरात असं कधी झालं न्हाई."

कोर्टात खोटा ठरणं त्याने पत्करलं. करीला बैल जुंपणारा ठरणं पत्करलं नाही. पुढे मी बरेच साक्षीदार फुटताना पाहिले. भीतीने, लोभाने, कंटाळ्याने. इतक्या सरळ मानेने फुटलेला दुसरा पाहिला नाही.

निकाल महिन्याभराने लागला. न्यायाधीशांनी लिहिलं की प्रत्यक्षदर्शी साक्षीदार घटनास्थळी हजर होता हेच सिद्ध होत नाही. करीमुळे सगळं शिवार रिकामं होतं आणि म्हणूनच दिवसाउजेडी झालेली घटना कुणी पाहिल्याचं दिसत नाही, हेही त्यांनी नोंदवलं. मारोती निर्दोष सुटला. निकाल ऐकून तो जागचा हलला नाही. पोलीस हवालदाराला म्हणावं लागलं, "जा की लेका, सोडलंय तुला." गयाबाईंनी त्याला आधी नीट बघून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, आता हे सगळं निकालपत्र मला वाचून दावा." कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसून मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एकवीस पानं. त्यांनी एकाही पानाला हात वर केला नाही. सर शेजारी उभे होते. त्यांचा आवाज केव्हाच परत आला होता. जाताना त्यांनी आपली फाईल आपणच उचलली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. दत्तरावांच्या पत्नी व्हरांड्यात भेटल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "मंग माझ्या माणसाला मारलं कुणी?" एवढंच त्यांनी विचारलं. पोलिसांनी त्या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी शोधलं असतं तर सापडलं असतं कदाचित. लिंबाजी सापडल्यावर त्यांनी शोधणं थांबवलं होतं. माझ्या पहिल्या यशाच्या फाईलला हा प्रश्न अजून जोडलेला आहे.

पुढच्या पोळ्याला मारोतीने मला गावी बोलावलं. एसटीतून उतरले तेव्हा वेशीवर तोरण बांधलेलं होतं आणि जोड्या रांगेला लागल्या होत्या. पहिली जोडी लिंबाजीची होती. त्याने मला ओळखलं. मला वाटलं, मान फिरवेल. तो बैलाची दोरी घेऊन थेट समोर आला.

"बाई, बघून घ्या. ह्यो हरण्या, ह्यो खैऱ्या. नावं तर खोटी सांगितली न्हवती ना?"

"नाही," मी म्हटलं. "मग बाकीचं का सांगितलं?"

त्याने बैलाच्या झुलीची घडी सारखी केली. "ठाण्यात म्हणले, तुजं शेत लागून हाय, तुला दिसलंच असंल. दहादा म्हणले. अकराव्यांदा मला बी वाटलं, दिसलं असंल." मग मारोतीकडे न बघता म्हणाला, "जोडी पुढं न्यायची हाय," आणि निघून गेला. मारोतीची जोडी रांगेत नववी होती. गयाबाई तिच्याकडेच बघत होत्या.

त्या दिवशी मी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर गयाबाईंना म्हटलं, मला शिवार बघायचं आहे.

"आज? आज कर हाय. रानात कुणी न्हाई."

"तेच बघायचं आहे."

खटल्यात ही गोष्ट मी दोन माणसांच्या सांगण्यावर मांडली होती. दैनिकातल्या नियमाप्रमाणे ते पुरेसं होतं, पण स्वतः पाहिलेलं नव्हतं आणि ते मला सलत होतं. मी एकटीच बांधाबांधाने फिरले. मारोतीचं शेत, दत्तरावांचं शेत, दोन्हींच्या मधला तो बांध, आणि पलीकडे लिंबाजीची कपाशी, गुडघ्याच्या वर आलेली. तण बरंच वाढलं होतं. ऊन चांगलं होतं, जमीन वाफशावर, ना ओली ना कोरडी होती, कोळप्याला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

मी टेकाडावर चढून चारी बाजूंना पाहिलं. एकाही शेतात औत नव्हतं.